सापडलेला चोर कोणाच्या स्वाधीन?

चोर कसा पकडावा हे ऐकण्याच्या अपेक्षेने कोणी येथे आले असेल, तर त्याची थोडी निराशा होणार आहे. चोर पकडणे ही गोष्ट आमच्या अनुभवाप्रमाणे पुष्कळदा दैवाची असते. कुत्रे भुंकते, गाडीची काच फुटल्याचा आवाज होतो, चार माणसे धावतात आणि चोर सापडतो. आम्हांला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या काळाविषयी. सापडलेला माणूस पोलिसांच्या हाती जाईपर्यंत कोणाचा असतो? ज्याची गाडी फोडली त्याचा, ज्यांनी धरला त्यांचा, की ज्या गावच्या हद्दीत धरला त्या गावाचा? हा प्रश्न मोटारीबरोबर आलेला नाही. मोटारीपेक्षा तो फार जुना आहे. आमच्यापुढे मात्र तो एका जीपगाडीमुळे उभा राहिला, म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

सन 1998 च्या पावसाळ्यात मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात संप चालू होता. संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी जुन्नरकडच्या स्नेह्यांनी थोडे धान्य आणि चार हजार तीनशे रुपये जमविले होते. ते घेऊन आम्ही पाचजण भाड्याच्या जीपने माळशेज घाट उतरलो. वैशाखरे मागे पडले आणि टोकावड्याच्या अलीकडे एका वस्तीपाशी चहाला थांबलो. पैशांची पिशवी मागच्या सीटखाली होती. चहा हातात येतो न येतो तोच काच फुटली. विशीतला एक पोरगा पिशवी घेऊन शेताच्या बांधाकडे धावला आणि चिखलात पाय रुतल्यामुळे पंधरा-वीस पावलांवर आमच्या हाती लागला. पिशवी जशीच्या तशी मिळाली. येथपर्यंत सगळे ठीक झाले.

पुढचे ठीक झाले नाही. पाच मिनिटांत चाळीस माणसे जमली. तो कोणत्या जातीचा हे आम्ही विचारले नव्हते. जमावाने न विचारताच ठरवून टाकले. कोणी दोर आणला. साथीदारांची नावे काढण्यासाठी त्याचा हात मागे पिरगळला गेला आणि मनगटाचे हाड मोडले. भाषणात आणि लेखात ‘आम्ही’ म्हणण्याची जी रीत आहे तिच्याआड लपण्याची येथे चांगली सोय आहे, पण ती आम्ही घेत नाही. हात पिरगळणारी व्यक्ती एकच होती आणि तीच आज आपल्यापुढे बोलत आहे.

त्या वेळी गर्दीतून एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. पूर्वी ते कोतवाल होते. ते म्हणाले, “पोरांनो, हात आवरा. त्याला आधी पानी द्या. मेला तर तो सुटंल, गाव अडकंल.” त्यांच्या शब्दाला गावात मान होता म्हणून दोर बाजूला पडला. परंतु पोराला आम्ही रात्रभर शाळेच्या ओसरीवर बसवून ठेवले. जीप चालू होती, रस्ताही बंद नव्हता. सकाळपर्यंत तो नावे सांगेल, या आशेवर ठेवले. सकाळी ठाण्यावर नेला तेव्हा ‘पळताना पडून मनगटास दुखापत’ असे आम्ही सांगितले, तसे पंचनाम्यात आले आणि आम्ही खाली सही केली. पोराने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यामुळे मनगटाविषयी आम्हांला कधी कोणी विचारलेच नाही.

संपाचे पैसे मात्र मुद्देमाल म्हणून जमा झाले. ज्यांच्या घरी चूल पेटविण्यासाठी ते गोळा केले होते, त्यांना द्यायला आमच्या हाती काही राहिले नाही. यात ठाण्याची चूक नव्हती. मुद्देमाल परत मिळण्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला कायद्याची पुस्तके वाचण्याची गोडी लागली ती अशी. मुंबईच्या फूटपाथवर जुनी पुस्तके मिळतात. तेथून दंडसंहिता, प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा अशी तीन पुस्तके आणली आणि रात्रपाळी संपल्यावर वाचू लागलो. पुढचे सर्व त्या वाचनातून आणि त्यातून निघालेल्या इतर वाचनातून आले आहे.

टोकावड्याहून घाटाकडे तोंड केले की उजव्या हाताला नाणेघाटाची वाट लागते. सातवाहनांच्या काळापासून बैलांचे तांडे या वाटेने कोकणातल्या बंदरांकडे माल नेत. घाटाच्या माथ्यावर नागनिकेचा लेख असलेली गुहा आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजणही आहे. जकात घ्यायची म्हणजे वाटेची राखण करायची, असा हा जुना व्यवहार. वाटसरूचा माल कोणाच्या हद्दीत लुटला गेला, याला त्या व्यवहारात फार महत्त्व असे.

घाटावर हा व्यवहार कसा चाले याचे वर्णन माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यानंतर, 1819 साली, आपल्या अहवालात करून ठेवले आहे. चोरी झाली की गावच्या राखणदाराने, म्हणजे कोठे महाराने, कोठे रामोशाने तर कोठे भिल्लाने, पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावात नेऊन तेथल्या राखणदाराची खात्री पटवून दिली की याची जबाबदारी संपली आणि त्याची सुरू झाली. अशा रीतीने ज्या शेवटच्या गावापर्यंत माग पोचेल त्या गावाने चोर किंवा माल हजर करायचा, नाही तर भरपाई करायची. भरपाई आधी राखणदाराच्या ऐपतीतून आणि उरलेली साऱ्या गावाकडून. पूर्ण वसुली क्वचितच होत असे, हेही एल्फिन्स्टनने नमूद केले आहे.

या पद्धतीत एक शहाणपण होते. चोर हा साऱ्या गावाच्या डोक्यावरचा बोजा होता, त्यामुळे तो जिवंत आणि मालासकट हजर करण्यात गावाचे हित असे. त्या कोतवालबाबांच्या तोंडी जे वाक्य आले ते याच जुन्या हिशेबातले, असे आम्हांला वाटते. परंतु जुने ते सोने म्हणून तिची आरती ओवाळायला आम्ही तयार नाही. पहिला भुर्दंड पडे तो राखणदारावर, म्हणजे गावातल्या सर्वांत गरीब माणसावर. पाटलाचा वाडा फुटला तरी भांडी विकायची रामोशाने! आणि माग जेथे पुसट होई तेथे तो जवळच्या पालावर किंवा वाडीवर नेऊन भिडविण्याचा मोह किती जणांना झाला असेल, याची कल्पना करायला इतिहासाची पुस्तके लागत नाहीत.

इंग्रजांनी हा मोह कायद्यातच बसविला. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि 1911 च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची वाट मोकळी झाली. कोणी काय केले हे पाहण्याऐवजी कोण कोणाच्या पोटी जन्मला हे पाहून माणसांची नोंद व्हायची, हजेरी घेतली जायची, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती व्हायच्या. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. कागदावरून तो गेला. त्या रात्री आमच्या भोवती जमलेल्या चाळीस माणसांच्या मनातून गेला नव्हता.

आता दंडसंहितेकडे येऊ. मेकॉलेच्या मंडळाने तिचा मसुदा 1837 मध्ये केला, ती 1860 मध्ये मंजूर झाली आणि 1862 च्या आरंभापासून अमलात आली. चोरीच्या व्याख्येखाली उदाहरणे दिली आहेत. त्यातले एक वाचून आम्हांला नाणेघाट आठवला. एका माणसाला पाठीवर खजिन्याची पेटी असलेला बैल वाटेत भेटतो. खजिना लाटण्याच्या इराद्याने तो बैलाला एका दिशेने हाकतो. बैलाने पहिले पाऊल टाकले की खजिन्याची चोरी पुरी झाली. पेटीला हात लावायचीही गरज नाही. 2023 च्या नव्या न्याय संहितेतही हा बैल तसाच चालतो आहे.

चोर मोटार घेऊन जातो तेव्हा याच बैलाचा नियम त्याला लागतो. ‘थोडा वेळ फिरवून परत आणणार होतो’ हा बचावही चालत नाही. जोधपूरच्या हवाई दलाच्या शिक्षणसंस्थेतून 1952 मध्ये दोघा तरुणांनी एक विमानच उडवून पाकिस्तानात उतरविले होते. तात्पुरते नेले तरी ती चोरीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये दिला. जेथे विमानाला सुटका नाही तेथे जीपची काय कथा!

मात्र उभ्या गाडीतून पिशवी नेली तर काय, याचा विचार 1860 च्या कायदेकर्त्यांनी केला नव्हता. इमारत, तंबू किंवा गलबत यांतून चोरी केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. रस्त्यावर उभ्या गाडीतून केली तर साधी चोरी, म्हणजे तीन वर्षांपर्यंत. साहेब तंबूत राहत असे आणि बोटीने येत असे, म्हणून त्या दोहोंची आठवण त्याला राहिली. बैलगाडीची राहिली नाही. ही उणीव भरायला एकशे साठ वर्षांहून अधिक काळ लागला. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या न्याय संहितेच्या 305 व्या कलमात माल किंवा उतारू वाहणारे वाहन आणि त्या वाहनातील वस्तू यांच्या चोरीलाही सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. घरची खासगी मोटार यात कितपत बसते यावर वकील वाद घालतील. तो त्यांचा पोटाचा धंदा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी माणसे खुनाच्या आरोपात अडकतात. रात्री घर फोडणाऱ्या चोराशी झुंजताना त्याचा जीव गेला, तर मालमत्तेच्या स्वसंरक्षणाचे कलम काही मर्यादेत घरमालकाला वाचविते. पुष्कळांना वाटते की गाडी फोडणाराही तसाच. तसे नाही. गाडी म्हणजे घर नव्हे आणि गाडीची काच फोडणे म्हणजे घरफोडी नव्हे. चोराच्या वागण्यामुळे आपल्या जिवाला किंवा हातापायाला खरोखरच धोका आहे अशी वाजवी भीती असेल तर गोष्ट वेगळी. एरवी माल वाचविण्यास लागेल तेवढेच बळ वापरता येते. आणि तो हक्क केव्हा संपतो, हेही जुन्या संहितेच्या 105 व्या कलमात लिहिले होते, आज ते न्याय संहितेच्या 43 व्या कलमात आहे: चोर माल घेऊन पार निसटला, सरकारी मदत पोचली, किंवा माल परत मिळाला, की हक्क संपला. आमची पिशवी पंधरा-वीस पावलांवर परत मिळाली होती. मनगट त्यानंतर मोडले. हे कलम आम्ही प्रथम वाचले त्या रात्री पुस्तक पुढे वाचवले नाही.

मारून वदविलेल्या कबुलीचे काय होते? 1872 च्या पुरावा कायद्याने पोलिसापुढची कबुली पुराव्यातून बाहेर ठेवली. इंग्रज सरकारचा आपल्याच पोलिसांवर किती विश्वास होता, ते यावरून दिसते! जमावाने बडवून काढलेल्या कबुलीवर कोणतेही न्यायालय भिस्त ठेवत नाही. उलट कबुली किंवा माल काढण्यासाठी दुखापत करणे हाच सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि ते कलम पोलिसाला लागते तसे तुम्हांआम्हांलाही लागते.

मग सामान्य माणसाला चोर धरण्याचा अधिकार आहे की नाही? आहे, आणि फार जुना आहे. 1898 च्या प्रक्रिया संहितेचे 59 वे कलम, 1973 च्या संहितेचे 43 वे आणि आजच्या नागरिक सुरक्षा संहितेचे 40 वे, ही एकाच झाडाची पाने आहेत. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि बिनजामिनाचा गुन्हा करणाऱ्याला कोणीही धरावे आणि विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या स्वाधीन करावे. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक जखडू नये. ‘विनाकारण उशीर’ म्हणजे किती हे जुन्या कायद्यांनी सांगितले नव्हते, आणि त्या मोकळ्या जागेत आमच्यासारख्यांच्या रात्री सामावत असत. नव्या संहितेने आकडा घातला आहे: सहा तास. आम्ही त्या पोराला बारा तासांहून अधिक ठेवले होते.

नव्या कायद्यातली आणखी एक गोष्ट गावोगाव सांगितली गेली पाहिजे, पण आम्हांला ती कोठे सांगितलेली आढळली नाही. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र झाली आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा आहे समाजसेवेची. याचा अर्थ असा की बाजारात किरकोळ वस्तू उचलणाऱ्याला धरून ठेवण्याचा जो अधिकार तुम्हांला 2024 च्या जूनपर्यंत होता, तो या कलमाखाली आता नाही. अशा वेळी आपला माल सोडवून घ्यावा, माणसाचे वर्णन आणि साक्षीदारांची नावे लिहून ठेवावी, 112 क्रमांक फिरवावा आणि माणसाला जाऊ द्यावे. हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. आमच्या संघटनेच्या बैठकीतही पडल्या.

त्या आठ्यांमागचे म्हणणे आम्ही टाळीत नाही. लोक म्हणतात, “पोलिसांत दिला तर उद्या जामिनावर सुटून आपल्यासमोरच विडी ओढीत बसेल.” खेड्यात हे दुखणे खरे आहे. तारखेला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे जाते आणि तारीख पुढे पडते. न्याय लांब असला की माणसाला हातातली काठी जवळची वाटते. पण कामगार चळवळीत आम्ही पोलीस कोठडीच्या आतूनही हे पाहिले आहे. घोषणा दिल्या म्हणून आम्हांला धरून नेले, तेव्हा चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचा घटनेतला नियम आणि जामीन, ही दोनच दारे आम्हांला उघडी होती. जी दारे आम्ही आमच्यासाठी उघडी मागतो, ती त्या पोरासाठी बंद करा असे कोणत्या तोंडाने म्हणावे? जामीन म्हणजे सुटका नव्हे, एवढे तरी संप केलेल्या माणसाने विसरू नये.

आणि जमावाचा न्याय कोठवर जातो हे आपण याच राज्यात पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी सर्व राज्यांना सविस्तर आदेश दिले. तरीही 16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची मोटार अडविली गेली. चोर आणि मुले पळविणारे फिरत असल्याची आवई त्या भागात फोनवरून उठली होती. पोलीस समोर असताना तिघे मारले गेले. गडचिंचले 2014 पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. तेथे मोटारीतले लोक चोर ठरले, आमच्या वेळी मोटारीबाहेरचा. आमच्या रात्री पिशवी खरोखर चोरीला गेली होती, त्या रात्री काहीच गेले नव्हते. जमावाला हा भेद करायला वेळ नव्हता. पुढे शंभराहून अधिक माणसांना अटक झाली. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव असेल तर समान हेतूने झालेल्या कृत्याला त्यातला प्रत्येकजण जबाबदार, हे तत्त्व 1860 पासून आहे. काठी कोणाची लागली हा प्रश्न तेथे गौण ठरतो. मेला तर गाव अडकेल, असे कोतवालबाबा म्हणाले ते अक्षरशः खरे होते, आणि त्यांनी एकही कलम वाचलेले नव्हते.

आता मुद्देमालाविषयी थोडे, कारण आमच्यासारखी फजिती इतरांची होऊ नये. गाडी किंवा पैसे ठाण्यात जमा झाले म्हणजे खटला संपेपर्यंत ते तेथेच राहिले पाहिजेत असे नाही. 1973 च्या संहितेच्या 451 व्या कलमाखाली अर्ज करून, बंधपत्र देऊन ते परत घेता येत. सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली बजावले की वाहने ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत. फोटो काढावेत, पंचनामा करावा आणि वस्तू लवकर परत द्यावी. नव्या संहितेच्या 497 व्या कलमात फोटो आणि चित्रफितीची तरतूद आहे, आणि मुदतीही घातल्या आहेत. म्हणून काच फुटली तर तुकडे झाडू नयेत, सीट पुसू नये, वस्तूंना हात लावण्याआधी फोटो घ्यावेत, आणि तक्रारीची मोफत मिळणारी प्रत मागून घ्यावी. धरलेल्या माणसाला पाणी द्यावे, जखम असेल तर ती कशी झाली हे खरे लिहून द्यावे.

आमचे चार हजार तीनशे रुपये अकरा महिन्यांनी सुटले. एका वकिलाने फी न घेता अर्ज लिहून दिला. तोवर संप मोडला होता. काहीजण कामावर परत गेले होते, काहीजण भिवंडीला मागावर गेले होते, काहीजण गावी. एकूण त्रेचाळीस घरे होती. घरटी शंभर रुपये आले. आम्ही ते यादीप्रमाणे पोचविले. शेवटचे घर माळशेजच्या रस्त्यावरच होते. परतताना त्या वस्तीपाशी एस.टी. थांबली तेव्हा आम्ही खाली उतरून त्या पोराची चौकशी केली. तो घरी नव्हता, कुटुंबासह वीटभट्टीवर गेला होता. त्याची म्हातारी आई होती. मनगट नीट बसले नाही, विटा उचलताना दुखते, एवढे तिने सांगितले. आम्ही कोण हे तिने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.